तोडलेलं पाणी

दवाखान्यात मला भेटायला आलेला प्रत्येक माणूस आल्या आल्या एकच विचारायचा, लघवी झाली का. सोयरा असो, भाऊबंद असो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको असो. तिची-माझी ओळख ना पाळख, पण सकाळी पदर सावरत यायची आणि विचारायची, "बाबा, झाली का हो आज?" मी तोंड भिंतीकडं करायचो. जल्मभर मेंढरं राखली, चार माणसांत उठलो-बसलो, गावच्या बैठकीत माझा शब्द विचारला गेला. माझ्या लघवीची चौकशी कधी कुणी केली नव्हती. सून तर चांगल्या वळणाची, माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. तीसुद्धा माझ्या बायकोला विचारायची, "आत्याबाई, मामांना विचारा की, झाली का." आणि म्हातारी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारायची. ऑपरेशन तिच्या डोळ्याचं झालं होतं, पण बोलायची अशी की जणू मी बहिरा झालोय.

खाटेच्या दांडीला पिशवी अडकवलेली. तिच्यात काय जमलं ते सिस्टर वाकून बघायची आणि म्हणायची, "बाबा, आज रंग चांगला आहे."

ह्या सगळ्याचा राग होता, पण तो किरकोळ. खरा राग दुसऱ्याच बोलण्याचा. मी शुद्धीवर आलो तेव्हा कानावर पहिला आवाज पडला तो माझ्या पोराचा. माझ्या उशाशी उभा राहून तो आपल्या आईला सांगत होता, "हे जरा उठून बसले की मेंढरं काढून टाकू. काकाला सांगितलंय, गिऱ्हाईक बघ म्हणून."

मला बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती, वाळत घातलेल्या कातड्यासारखी. मी नुसता हात उचलला. सिस्टरला वाटलं पाणी मागतोय. तिनं कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले केले. मला पाणी नको होतं. मला म्हणायचं होतं, माझ्या मेंढरांना हात लावू नको.

झालं कसं ते सांगतो, कारण लोकांनी त्याचं भलतंच करून टाकलंय. कुणी म्हणतं पित्राची खीर बाधली, कुणी म्हणतं ओहोळाचं पाणी बाधलं. काय बाधलं ते मला माहीत नाही आणि ज्यांच्या घरी जेवलो त्यांना मी बोल लावणार नाही. पित्राच्या जेवणाचं बोलावणं आलं की नाही म्हणू नये. कुणाच्या तरी मेलेल्या बापाचा घास असतो तो.

आमचं गाव दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. घर आहे, थोडं रान आहे आणि चाळीसएक मेंढरं. पोरगा शहरात सिडकोला राहतो, वाळूजच्या एका कंपनीत जातो. त्या दिवसांत म्हातारी त्याच्याकडं होती, मोतीबिंदू काढायला. डोळ्याला धूळ-धूर नको म्हणून तिला तिकडंच ठेवून घेतलं होतं. गावात मी एकटा. एकटा म्हणजे मी आणि मेंढरं.

पित्राच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पोटात ढवळलं. हगवण लागली, मग उलट्या. दुपार होईपर्यंत पायातलं बळ गेलं.

आता इथं मला आमची रीत सांगावी लागेल. मेंढरू ढाळायला लागलं, म्हणजे त्याला पातळ व्हायला लागलं, की आम्ही त्याचं पाणी तोडतो. मला माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. आजारी मेंढरू कळपातनं काढायचं, अंगणातल्या लिंबाखाली बांधायचं. हिरवं बंद, पाणी बंद. वाळला कडबा पुढं टाकायचा आणि बाभळीच्या सालीचा काढा पाजायचा, तोही घोटभरच. आत पाणी गेलं नाही तर बाहेर काय येणार? दोन-तीन दिवसांत परत लेंड्या पडायला लागतात. माझ्या हाताला गुण आहे असं भाऊबंदांत बोललं जायचं. पार कन्नडच्या घाटाकडची माणसं निरोप पाठवायची, मेंढरू ढाळतंय, काय करू. मी सांगायचो, पाणी तोड. त्यांची मरायची. तर म्हणायचे, रीत तीच हो, पण तुमच्या हाताची गोष्ट वेगळी. मला ते ऐकायला बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार?

तर मी माझं पाणी तोडलं.

साल उकळून काढा केला, घोटभर घेतला. तो उलटून पडला. परत घेतला. मेंढरं चरायला सोडता येईनात म्हणून त्यांच्या वाडग्यातच, काट्यांच्या कुंपणाआत, कडबा टाकला. दुसऱ्या दिवशी पायाला गोळे यायला लागले, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. डोळ्यांपुढं काजवे. रांजण हाताच्या अंतरावर होता, भरलेला, वर तांब्या पालथा घातलेला. मी त्याच्याकडं पाठ करून पडलो. शेजारीण दारातनं म्हणाली, "दादा, जेवलात का?" मी म्हणलं, "व्हय." पोराचा फोन आला. "आबा, आवाज असा का येतोय?"

"निजलो होतो."

"जेवलात का?"

"व्हय."

सगळ्यांना जेवल्याचंच पडलेलं असतं. पाणी प्यालात का असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं, ते जाऊ द्या.

त्यापुढचं मला तुटक तुटक आठवतं. मेंढरं ओरडत होती. त्यांनाही कुणी पाणी दाखवलं नव्हतं. कधी वाटायचं ती ओरडतायत, कधी वाटायचं मीच ओरडतोय आणि ती गप्प उभी राहून ऐकतायत. चुलतभाऊ त्या आवाजानं आला. तोही मेंढरंवाला, वरच्या आळीला राहतो. मेंढरं अशी ओरडतात म्हणजे धनी उठलेला नाही, एवढं त्याला कळलं. त्यानं आधी मेंढरांना पाणी पाजलं आणि मग मला येऊन बघितलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही तेच केलं असतं.

दवाखान्यातली डॉक्टर म्हणजे एक तरणी पोरगी. मला बोलता यायला लागलं तशी माझ्या खाटेशी आली, मागं शिकाऊ पोरापोरींचा घोळका.

"बाबा, घरात पाणी नव्हतं का?"

"होतं की."

"मग प्यालात का नाही?"

"तोडलं होतं."

"कुणी?"

"मीच. मेंढरू ढाळलं की तोडतो, तसं."

घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर हसली नाही, पण तिनं हसणाऱ्याला गप्पही केलं नाही. तिनं माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "बघा," ती म्हणाली, "कालच्यापेक्षा बरी आहे, तरी अजून बसत नाही." मग सगळ्यांनी पाळीपाळीनं माझी कातडी उचलून बघितली. बाजारात मेंढरू घेताना आपण त्याची पापणी उलटून बघतो, पाठीवर हात दाबून बघतो, अगदी तसं. फरक इतकाच की मेंढराला कुणी शेवटी थँक यू बाबा म्हणत नाही.

पोराला बाजूला घेऊन ती सांगत होती, किडनीला धक्का बसलाय, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं बोललीच नाही. अर्धवट बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मेलो असतो म्हणायचं होतं तर म्हणावं.

सलाईनवर सलाईन चढली. हात सुजले. मग एक दिवस पिशवी काढली आणि मला पोराच्या घरी आणलं. जिना चढता येईना. पोरानं आणि खालच्या घरातल्या माणसानं मला खुर्चीत बसवून वर नेलं. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दारं उघडली आणि बायका बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं विचारलंच, "लघवी होतेय का आता?"

त्या घरात पाण्याचा काय जाच होता म्हणून सांगू. शहरातल्या नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. आलं की सगळी आळी ड्रम, बादल्या, पातेली घेऊन धावते. बाल्कनीत निळे ड्रम ओळीनं उभे, त्यांना हात लावायची सोय नाही. सून भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालते. आणि मला मात्र तासातासाला पेला. दवाखान्यातनं दिलेल्या पुडीचं पाणी. ना गोड ना खारट, रडून झाल्यावर ओठांवर उतरतं तसलं. "मामा, घ्या. मामा, एवढं संपवा. मामा, कालचा पेला कुंडीत ओतलात ना तुम्ही, तुळस मेली." तुळस मेली नव्हती, जरा मलूल झाली होती. सून थोडं वाढवून सांगते.

पेला खाली ठेवला की पोरगा मेंढरांचं काढायचा. दिवाळी झाली की चुलतभाऊ त्याचा कळप घेऊन खाली पाचोडच्या अंगाला उतरतो, उन्हाळा सरेपर्यंत तिकडंच कुणाकुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. दिवाळीपर्यंत तो माझी मेंढरं त्याच्या कळपात चारणार होता. पुढं नाही. म्हणून व्यापारी ठरला होता. दिवाळीनंतर तो गावात गाडी घेऊन येणार आणि सगळी एकदम भरून नेणार.

"सगळी?" मी म्हणलं.

"मग काय निवडून ठेवू? आईला धूळ चालत नाही, तुम्हाला संडासापर्यंत धरून न्यावं लागतं. कोण चारणार? तुम्ही इथं राहा दोघं. टीव्ही बघा."

"माझी मेंढरं माझ्या शब्दाशिवाय गाडीत चढायची नाहीत."

तो कामाच्या घाईत होता, बूट घालत होता. तसाच म्हणाला, "ठीक आहे. त्या दिवशी तुम्ही तुमच्या पायांनी हा जिना उतरलात तर तुमचा शब्द. नाहीतर माझा." आणि गेला. त्याला वाटलं असेल, म्हातारा विसरेल.

एका दुपारी, पोराला सुट्टी होती त्या दिवशी, सून पेला घेऊन उभी राहिली. मी म्हणलं, "ठेव तिकडं."

"मामा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या पोरीनं किती मेंढरं राखलीत? मी उभ्या जल्मात ढाळणारी मेंढरं बरी केली, पाणी तोडून. एक दगावलं नाही. जा, विचार भाऊबंदांत."

पोरगा म्हणाला, "आबा, तुम्ही मेंढरू नाही."

"विकायला तर तसाच निघालास."

म्हातारी भिंतीशी उताणी पडली होती. डोळ्यात थेंब घातले की तिला तसं पडून राहावं लागायचं, डोळे मिटून. ती तशीच, डोळे न उघडता बोलली.

"तुमी बरी केली व्हय ती?"

"मग कुणी केली?"

"मीच पाजत व्हते."

"काय पाजत होतीस?"

"पाणी. गूळ-मिठाचं. तुमी कळप घिऊन गेला की लिंबाखालच्याला पाजायची, थोडं थोडं, दिसभर. तुमी यायच्या आधी त्याचं तोंड पुसायची. खाली सांडलं असंल तर माती लोटायची."

सुनेनं हातातला पेला हळूच खिडकीत ठेवला.

"कधीपासनं?"

"ह्यो रांगत व्हता तवापासनं." ह्यो म्हणजे पोरगा. "ह्याला हगवण लागली तवा तुमच्या आईनं पाणी तोडायला लावलं व्हतं. तुमी बी व्हयला व्हय केलं. आपलं बिऱ्हाड तवा रानात व्हतं. लस टोचाय बाई आल्या व्हत्या, त्या म्हणल्या पाज, नायतर पोर हाताला लागणार नाय. पदराआड पाजलं. वाचला. मग म्हणलं मेंढरू तरी का मारावं?"

पोरगा हसायला लागला. "म्हणजे आई, मला आणि मेंढराला एकच औषध."

"मेंढरं बरी. पिताना लाथा मारत नव्हती."

सूनही पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं? मेंढरू मेलं असतं आन तुमचा शब्द राहिला असता. मी दोन्ही राखलं."

"मग आता का सांगितलंस? राखायचं होतं की पुढंही."

तिनं तेव्हा डोळे उघडले. थेंब गालावर ओघळले, औषधाचे. "ह्या खेपंला तुमी सोताच बांधून घितलं लिंबाखाली," ती म्हणाली, "आन मी नव्हते तिथं."

मी उठून गॅलरीत गेलो. भिंत धरत, पण कुणी न धरता गेलो, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

राग किती आला ते सांगता येत नाही. आमचं लगीन झालं तेव्हापासून एका ताटात जेवलो म्हणावं असा संसार, आणि ही बाई रोज संध्याकाळी माती लोटून माझी वाट बघत बसायची. मी विचारायचो, कसं आहे ते मेंढरू? ती म्हणायची, बरंय, तुमच्या काढ्यानं जरा मान वर केलीय. असं तोंडावर म्हणायची. मी बैठकीत फेटा सारखा करून सांगायचो, पाणी तोडा. म्हणजे माझी जगली ती हिच्या लबाडीनं, आणि घाटाकडच्या लोकांची मेली ती माझ्या सांगण्यानं. ती माणसं आजही मला रामराम करतात.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. काही पाहिजे असलं तर सुनेला सांगायचो. म्हातारीला त्याचं काही वाटलं नाही. ती सुनेला म्हणाली, "असू दे, तेवढीच कानाला इसावा."

दुसऱ्या दिवशी घरात कुणाचं लक्ष नाही असं बघून मी चपला घातल्या. ठरवलं, स्टँड गाठायचा, गावाकडची एसटी धरायची, मेंढरांजवळ जाऊन बसायचं. मग कोण काढतं बघू. जिन्याच्या पहिल्याच वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. कठड्याला मिठी मारून खाली बसलो. कानात भुंगे. पायात पाय नव्हते. खाली गेटपाशी कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ते मला दिसत होतं, आणि त्या गेटापर्यंत जाणं मला जमणार नव्हतं. मेंढरामागं मी डोंगर पालथे घातले. आणि आता एक जिना.

किती वेळ बसलो कोण जाणे. मग बसल्या बसल्या, मागं सरकत, एकेक पायरी वर चढलो. घरात आलो. खिडकीत पेला झाकून ठेवलेला होता. एका दमात पिऊन टाकला आणि सुनेला म्हणलं, "दुसरा आण."

ती बघतच राहिली.

"आण म्हणलं ना. आणि बघत उभी राहू नको."

तहान म्हणून नाही प्यालो मी, रागानं प्यालो. पोराला माझा शब्द खोटा पाडायचा होता, त्याच्या रागानं. म्हातारीच्या रागानं तर दोन पेले जास्त. तिला दिसेल असं तिच्या समोर बसून प्यायचो, बोलायचो नाही. दह्याचं पाणी, भाताची पेज, नारळाचं पाणी, जे पुढं येईल ते. आणि रोज जिना. आधी एक वळण, मग दोन. खालच्या घरातला माणूस हात द्यायला यायचा. मी म्हणायचो, "बाजूला हो." पायाच्या पोटऱ्या परत मांसाच्या व्हायला लागल्या. सकाळी मी माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडायचो, कुणी बघत नाही असं बघून. ती पटकन बसायची.

पिता पिता विचारही केला. नुसतं नाही म्हणून मेंढरं राहत नाहीत, हे मलाही कळतं. चारणार कोण ह्याला उत्तर पाहिजे. आमच्यात बटईनं मेंढरं द्यायची चाल आहे. मेंढरं आपली, चारणारा दुसरा, होतील ती कोकरं निम्मी निम्मी. चुलतभावाला दोन कळप फुकट झेपत नव्हते. पण निम्मी कोकरं पदरात पडणार असतील तर तो गडी ठेवू शकतो.

दिवाळी झाली. पोरानं गावाला जायला गाडी बोलावली. मी फेटा बांधला आणि जिना उतरलो. पोरगा एक पायरी पुढं, पडलो तर धरायला. मी त्याला म्हणलं, "मागं हो, वाट अडवू नको." तो मागं झाला. गाडीत तो एकदाच म्हणाला, "आबा, शब्द तुमचा. पण डोकं शांत ठेवा." म्हातारी काळा चष्मा लावून मागं बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

चुलतभावाच्या अंगणात व्यापारी आधीच येऊन चहा पीत होता. मेंढरं वाडग्यात होती. मी आत शिरलो तर ती माझ्याभोवती जमा झाली नाहीत, काही नाही. महिनाभर नव्हतो, त्यांना काय? एका मेंढ्यानं माझं धोतर हुंगलं आणि सोडून दिलं.

मी व्यापाऱ्याला सांगितलं, "पाहुणे, चहा घ्या आणि निघा. मेंढरं जात नाहीत." मग चुलतभावाला बटईचं सांगितलं. तो जमिनीवर काडीनं रेघा मारत बसला. व्यापारी वैतागून म्हणाला, "डिझेल कोण देणार?" पोरानं त्याला बाहेर नेलं.

"मला जमंल दादा," चुलतभाऊ म्हणाला. "गडी बघावा लागंल, पण जमंल. आन तुमी काळजी करू नका. तुमची रीत मला पाठ हाय. तिकडं लांब कुणी ढाळलं तर मी काय फोन करत बसणार नाय. ते बघा, कालपासनं एक बांधलंय. पाण्याचा थेंब दावला नाय."

शेळ्यांच्या गोठ्यापलीकडं एक मेंढी बांधलेली होती. माझीच. मान खाली, पोट आत गेलेलं, डोळे खोल. पुढं कडबा तसाच पडलेला. मला ते डोळे ओळखता आले. दवाखान्यात सुनेनं मला आरसा दाखवला होता, दाढी करायची म्हणून.

म्हातारी तिकडं बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चष्म्यामुळं तिचे डोळेही दिसत नव्हते. सोपं होतं. मी गप्प राहिलो असतो तर शब्द राहिला असता. ही मेंढी गेली असती, आणि खाली पाचोडकडं माझ्या रीतीनं आणखी गेली असती, आणि चुलतभाऊ उन्हाळ्यात येऊन म्हणाला असता, रीत तीच होती दादा, पण तुमच्या हाताची गोष्ट वेगळी.

"पाणी पाज तिला," मी म्हणलं.

"अं?"

"गूळ-मिठाचं पाणी पाज. थोडं थोडं. तोडू नको."

"दादा, तुमीच तर..."

"मी सांगायचो ते खोटं होतं," मी म्हणलं. आवाज माझ्या मनापेक्षा मोठा निघाला. व्यापारीपण फाटकातनं वळून बघायला लागला. "माझ्या हाताला काही गुण नाही. माझी मेंढरं ही बाई माझ्या माघारी पाणी पाजून जगवायची. आणि मला मूर्खासारखं फिरू द्यायची. आता झालं का समाधान? विचार तिलाच काय ते."

चुलतभावाचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं वहिनीकडं बघितलं. म्हातारी उठली, त्याच्या बायकोला म्हणाली, "गूळ कुठाय गं तुझा? आन पाणी लई गार नको." डॉक्टरनं धुळीत जाऊ नको म्हणून सांगितलेलं, तरी ती तशीच गोठ्यामागं गेली आणि मेंढीपाशी बसली. मला कुणी बसा म्हणलं नाही. मी उभाच राहिलो.

ही गोष्ट चुलतभावानं पाचोडपर्यंत नेली. तिथनं घाटाकडंही गेली असणार, मेंढरंवाल्यांच्या तोंडून अशा गोष्टी मेंढरांपेक्षा लवकर पोचतात. मेंढरं अजून माझी आहेत. आम्ही दोघं गावात राहतो. पोरगा रविवारी येतो, येताना त्या पाण्याच्या पुड्या आणतो आणि कोनाड्यात ठेवतो. मी त्याला ठेवू देतो.

आता फोन येतात. पूर्वीही यायचे. कुणाचं मेंढरू ढाळतंय, कुणाचं कोकरू मान टाकतंय. मी उचलतो, रामराम होतो, तब्येतीची विचारपूस होते. मग तिकडचा माणूस जरा घुटमळतो आणि म्हणतो, "वहिनी हायत का जवळ? जरा द्या की."

मी फोन तिच्या हातात देतो आणि अंगणात जाऊन बसतो. ती जोरजोरानं सांगत असते, किती गूळ, किती मीठ, कसं पाजायचं. सगळ्या आळीला ऐकू जातं. मी आत जात नाही, तिचं होईपर्यंत.